वावडं : विचारलेलं नाही

सोलापूर,
१२ जून २०२५

अनीश,

आशीर्वाद पुढच्या पत्रात, द्यावेसे वाटले तर. परवा फोनवर तू माझं बोलणं चार वेळा तोडलंस आणि पाचव्यांदा मी फोन आपटला. म्हणून कागद घेतला आहे. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

तू ऐकूनच घेतलं नाहीस, तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगते. शिवबाईची लेक दानेश्वरी बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा संपत आलेला. दाढ सुजून ताप भरला म्हणून शिवबाई तिला गेल्या गुरुवारी आपल्या दवाखान्यात घेऊन आली. तुझे काका एका लग्नासाठी करमाळ्याला गेले होते. खुर्चीत विरेश होता, त्यांच्या हाताखालचा नवा डॉक्टर. त्याने तू केलेल्या ॲपवर शिवबाईच्या घराचं पान उघडलं. दानेश्वरीपुढे वय, वजन, महिना, रक्तदाब. बाकी काही नाही. तरी त्याने विचारलं, "हिला कुठल्या औषधाचं वावडं?" शिवबाई म्हणाली, "न्हाय, काय न्हाय बगा." तरीही त्याने आधी चाचणीपुरतं थेंबभरच टोचलं. पेनिसिलिनच्या जातीचं औषध. तेवढ्यानेच पोरीचं अंग लाल झालं, घसा सुजला, श्वास अडकला. विरेशनेच त्यावरचं इंजेक्शन दिलं, आणि सात रस्त्याच्या गर्दीतून रिक्षात तिला धरून बसून मोठ्या रुग्णालयात नेलं. पोरगी वाचली. सिझेरियन करावं लागलं. दीड किलोची मुलगी काचेच्या पेटीत आहे.

आता पुढचं. याच पोरीला दोन वर्षांपूर्वी याच औषधाने त्रास झाला होता. आपल्याच दवाखान्यात! त्याची नोंद तुझ्याच ॲपमध्ये आहे. फक्त ती तिच्या सासरच्या पानावर आहे, 'भुवनेश्वरी' या नावाखाली. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं. तुझ्या ॲपच्या लेखी या दोन वेगळ्या बायका.

अडीच वर्षांपूर्वी, दिवाळीत, मी तुला जेवणाच्या टेबलावर कागदावर आखून दाखवलं होतं. आधी रकाने ठरव. माणूस म्हणजे एक ओळ, एकदाच. घरांचा तक्ता वेगळा. कोण कुठल्या घरचा, ते तिसऱ्या तक्त्यात. पॉलिटेक्निकमध्ये अठ्ठावीस वर्षं हेच शिकवलं मी. तू हसलास. "आत्या, आता स्कीमा कोण आखत बसतं? आम्ही डॉक्युमेंट ठेवतो. जे येईल ते, येईल तसं आत." मग माझ्या कागदावर चिवड्याची बशी ठेवलीस. तो तेलाचा डाग पडलेला कागद माझ्याकडे अजून आहे.

दानेश्वरीच्या भावाने, मायाप्पाने, भर दवाखान्यात विरेशच्या कानाखाली दिल्या. वैद्यकीय परिषदेकडे तक्रार गेली आहे : नोंद असून डॉक्टरने बघितली नाही. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आहे तो. त्याची पदवी आणि नाव दोन्ही पणाला लागली आहेत.

मला तुझ्या सहीचं पत्र हवं. एवढंच लिही : ॲपची रचना अशी आहे की ती नोंद विरेशला दिसणं शक्य नव्हतं. आठ दिवसांत.

प्रभाआत्या

*

पुणे,
१६ जून २०२५

ती. आत्यास नमस्कार. (मी अजून घालतो.)

दानेश्वरीचं ऐकून मलाही झोप नाही. तेवढं मान्य कर आणि मग पुढे वाच.

'घर म्हणजे एक पान' हे माझ्या डोक्यातून आलं नाही. पस्तीस वर्षं काकांच्या दवाखान्यात एका घराला एक जाड पिवळं कार्ड होतं, घरपत्रक. वर कर्त्याचं नाव, खाली आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे. काका म्हणाले, "मला हेच हवं, फक्त पडद्यावर." मी हेच दिलं. आता दोष माझा?

आणि तुझे ते आखीव तक्ते! दवाखान्यात काय काय येतं, ते तुला आधी माहीत होतं? कुणाला साखर, कुणाला कुत्रं चावलेलं, कुणाच्या पाठीचे सतरा फोटो. काका दर आठवड्याला नवीन काहीतरी टिपायला सांगायचे. आधी रकाने आखले असते तर दर आठवड्याला ते मोडून पुन्हा आखत बसलो असतो. मोकळं ठेवलं म्हणून दोन महिन्यांत चालू झालं. चालू झालं, तेव्हा सगळ्यांत जास्त कौतुक कुणी केलं होतं, आठव.

सक्तीच्या रकान्यांचं तर तू मला सांगूच नकोस. तुझ्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशाच्या यादीत निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून होती, तूच हसत सांगितलं होतंस. का? कारण तारीख भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. सक्ती केली की माणसं खरं सांगत नाहीत, सुटका करून घेतात. 'वावडं' हा रकाना सक्तीचा केला असता तर नोंद करणाऱ्याने 'नाही' असं ठोकून दिलं असतं. विरेशने तेच 'नाही' वाचलं असतं आणि तेच इंजेक्शन दिलं असतं.

शिवबाई 'काय न्हाय' म्हणाली, त्याला डेटाबेस काय करणार?

सही मी करणार नाही. तीस तारखेला चाळीस डॉक्टरांसमोर हेच ॲप दाखवायचं आहे. दोन वर्षं रोजची नोकरी करून उरलेल्या वेळात मी आणि माझ्या दोन मित्रांनी ते उभं केलं. 'या ॲपमुळे बाई मरता मरता वाचली' असा कागद माझ्या सहीने निघाला की सगळं संपलं. विरेशबद्दल वाईट वाटतं. पण म्हणून त्याच्या वाटचं खापर माझ्या डोक्यावर का?

अनीश

*

सोलापूर,
१९ जून २०२५

अनीश,

एक जूनची गोष्ट खरी आहे. मला झोंबावी म्हणून लिहिलीस आणि झोंबली. पण त्यावरून अर्धवट धडा घेतलास. 'हो' आणि 'नाही' दोनच घरं ठेवली की माणूस खोटं बोलतो, हे बरोबर. म्हणून तिसरं घर ठेवायचं : 'विचारलेलं नाही'. हे शहाण्या माणसाला सुचतं, पण त्यासाठी आधी बसून विचार करावा लागतो. तुम्ही आधी बसतच नाही.

आणि तुझ्या मोकळेपणाचा खरा रोग तुला अजून कळलेला नाही. शिवबाईच्या पानावर वावड्याची जागा रिकामी नव्हती. ती जागाच नव्हती! कुणी भरलं नाही, म्हणून पडद्यावर आलं नाही. रिकामी चौकट दिसली असती तर विरेश तिथे थबकला असता. इथे थबकायला काही नव्हतं. पान पुरं दिसत होतं.

शिवबाई खोटं बोलली नाही. पोरीला सासरी काय झालं, ते सासरच्यांनी माहेरी कळवलंच नव्हतं. नव्या सुनेला दवाखान्यात चक्कर आली, एवढी गोष्ट कोण पसरवतं? शिवबाईला जे माहीत होतं, ते तिने सांगितलं. तिच्यावर ढकलताना तुला काहीच कसं वाटलं नाही?

विरेश काल आला होता. दवाखान्याची किल्ली टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला. त्याचे वडील अक्कलकोटला शाळेत शिक्षक आहेत. बाजारात लोक त्यांना थांबवून विचारतात, "काय सर, पोरानं काय केलं म्हणं?" त्या माणसाने बाजारात जाणं सोडलंय. विरेश मला म्हणाला, "बाई, मी पान बघितलं होतं. दोनदा बघितलं होतं." मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

आणि तू मला चाळीस डॉक्टर सांगतोस. त्या चाळीस दवाखान्यांत किती दानेश्वरी असतील, मोजलंस का?

अक्षर बिघडलं आहे. तरी वाच. सही पाठव. नाहीतर दिवाळीचा तो तेलकट कागद मी परिषदेपुढे ठेवते आणि तुला आधी सांगितलं होतं, हेही लिहिते.

प्रभाआत्या

*

पुणे,
२३ जून २०२५

आत्या,

धमकी मिळाली. म्हणून मीही जुन्या नोंदी उघडल्या. कुणी, कधी, काय भरलं, ते ॲप जपून ठेवतं. तेवढी शिस्त आम्हा मोकाट लोकांनाही आहे.

'२२ मे २०२५, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं. शिवबाई यांच्या घरात नवीन सदस्य जोडला : दानेश्वरी. नोंद करणारी व्यक्ती : प्रभा.'

तू, आत्या. विरेशने नाही, कंपाउंडर ज्ञानबाने नाही. तू.

तिच्या लग्नाला तू गेली होतीस. तांदळात नवं नाव लिहितानाचा फोटो तूच मला पाठवला होतास. ती भुवनेश्वरी झाली, हे तुला माहीत होतं. तिचं सासरही आपल्याच दवाखान्यात येतं, हेही माहीत होतं. एक माणूस एकदाच लिहायचा हे अठ्ठावीस वर्षं पोरांना घोकायला लावलंस आणि तिला स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा लिहिलंस. ॲपला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

मला सही मागण्याआधी तुझं सहीचं पत्र लिही.

अनीश

*

पुणे,
२ जुलै २०२५

आत्या,

नऊ दिवस झाले. फोन उचलत नाहीस. काका फक्त "बरी आहे" म्हणतात आणि ठेवतात.

परवा चाळीस डॉक्टरांसमोर ॲप दाखवलं. एका वयस्कर डॉक्टरबाईंनी विचारलं, "माहेरी आलेली मुलगी कुठल्या घरात लिहायची?" मी म्हणालो, "दोन्हीकडे लिहा." त्यांनी मान डोलावली. टाळ्या झाल्या. मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

काहीतरी लिही. शिव्या दे हवं तर.

अनीश

*

सोलापूर,
९ जुलै २०२५

अनीश,

शिव्या तुला द्यायला शिल्लक राहिल्या नाहीत. सगळ्या घरातच खपल्या.

तुझं पत्र आलं, तेव्हा पहिल्यांदा मी ते फाडलं. मग तुकडे जोडले. बावीस मेची सकाळ मला नीट आठवते. दानेश्वरी शिवबाईच्या मागे उभी होती, हातात आंब्याची पिशवी. मी म्हटलं, "भुवनेश्वरी म्हणून हिचं नाव आहे की." शिवबाई ठसक्यात म्हणाली, "ते तिच्या सासरी. हितं ती दानेश्वरीच हाय. आमच्या घरात लिवा." त्यांच्यामागे सात माणसं ताटकळत होती. मला वाटलं, बाईचा मान राखावा, आंबे आणलेत, लिहू या. नंतर जोडू. नंतर जोडलं नाही. तुला दोष देताना मला हे रोज आठवत होतं. आठवत नव्हतं असं मी तुला लिहिणार नाही, ते खोटं होईल. तुझ्यावर ओरडले की थोडा वेळ विसरायला व्हायचं, म्हणून ओरडत होते.

तुझ्या काकांना सांगितलं, तेव्हा ज्ञानबा तिथेच औषधं लावत होता. तीस वर्षं आपल्याकडे कंपाउंडर आहे. तो म्हणाला, "ताई, लेक बाळंतपनाला आली की मी माहेरचं आन् सासरचं, दोनी कार्डं रबरानं एकत्र बांदत हुतो. सायेब दोनी बघायचे, मग औषद." मी विचारलं, ती रबरबँडं गेली कुठे? "कार्डं रद्दीत घातली, तवा तीबी गेली की."

ऐकलंस? दिवाळीत आपण दोघं आखीव की मोकळं म्हणून तासभर भांडलो, आणि जे राखायला हवं होतं ते त्या माणसाच्या खिशात होतं. तो तेव्हा आपल्याला चहा देत होता. तुझ्या डॉक्युमेंटात ते रबरबँड नव्हतं. माझ्या तिसऱ्या तक्त्यात ते आलं असतं, असं मी म्हणू शकते. पण तो तक्ता भरला कुणी असता? मीच ना? आणि माझ्यापुढे आंब्याची पिशवी होती.

रविवारी शिवबाईच्या घरी गेले. पत्र लिहून नेलं होतं, उभं राहून वाचलं. 'दानेश्वरीची दुसरी नोंद मी केली. ती भुवनेश्वरी आहे हे मला ठाऊक होतं. पहिली नोंद विरेशला दिसणं शक्य नव्हतं.' मायाप्पा उठला. मला वाटलं मारतोय. पण तो नुसता बाहेर जाऊन ओट्यावर बसला. शिवबाई रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमच्याकडनं ही अपेक्षा न्हवती." आणि चहा न विचारता दार लावलं. त्या घरातून चहा न घेता निघायची तीस वर्षांतली ही पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी शिवबाई मायाप्पाला घेऊन तक्रार मागे घ्यायला गेली. तिथले म्हणाले, ॲपबद्दलही लेखी हवं, बाईंच्या एकट्या पत्रावर भागत नाही. माझ्या पत्राची नक्कल सोबत आहे. माझी अर्धी चूक मी भरली. आता तुझी अर्धी.

आशीर्वाद.

आत्या

*

पुणे,
१५ जुलै २०२५

ती. आत्यास नमस्कार.

सोबत सहीचं पत्र. मित्रांनी सह्या द्यायला नकार दिला, म्हणून ॲपच्या नावाने नाही, माझ्या एकट्याच्या नावाने आहे. एक मित्र बोलायचा बंद झालाय. चाळीसही डॉक्टरांना एकेक करून फोन केला, 'दोन्हीकडे लिहा' हे चुकीचं सांगितलं म्हणून. अकरा जणांनी ॲप नको म्हणून कळवलं. त्या वयस्कर बाई म्हणाल्या, "दुरुस्त झालं की सांगा."

दुरुस्त केलंय. माणूस आता एकच ओळ आहे, त्याला हवी तेवढी नावं आणि हवी तेवढी घरं जोडता येतात. लेक माहेरी आली की सासरचं पान आपोआप शेजारी उघडतं. आमच्यात त्याला 'ज्ञानबा' म्हणतात. वावड्याची चौकट प्रत्येकाच्या पानावर सक्तीची, आणि तुझी तिन्ही घरं त्यात आहेत. बाकी सगळं, कुत्रं चावलेलं नि पाठीचे फोटो, मी मोकळंच ठेवलंय. तिथे मी हटणार नाही, तू कितीही कागद आखलेस तरी.

अडचण एक आहे. दवाखान्यातल्या एकोणीसशे बारा माणसांपैकी सतराशे साठ जणांपुढे आता लाल अक्षरांत 'विचारलेलं नाही' दिसतंय. ते ॲपला भरता येणार नाही. कुणीतरी विचारायला बसावं लागेल.

शनिवारी येतो. पत्र शिवबाईच्या घरी मीही उभा राहूनच वाचणार आहे.

अनीश

*

सोलापूर,
६ ऑगस्ट २०२५

चि. अनीशला अनेक आशीर्वाद.

विरेश सोमवारपासून परत आला. परिषदेचं पत्र आलं, त्याच्यावर काही ठेवलेलं नाही. त्याचे वडील स्वतः त्याला सोडायला आले होते. माझ्याशी ते बोलले नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तरी बोलले नसते.

मी रोज सकाळी दारात टेबल टाकून बसते आणि येईल त्याला विचारते. आतापर्यंत दोनशे चार झाले. फुलाबाई म्हणाली, "मला कारल्याचं वावडं." तेही लिहिलं, तुझ्या मोकळ्या भागात. मोकळं ठेवल्याचा तेवढा उपयोग झाला, हे तुला खूश करायला लिहीत नाही.

काल दानेश्वरी आली. बाळ घेऊन, एकटीच. मुलगी आता सव्वादोन किलोची आहे. शिवबाई रिक्षात बसून राहिली, आत आली नाही. मी कीबोर्डवर हात ठेवून विचारलं, "नाव काय लिहू?"

"दोनी लिवा. मी येकच हाय."

लिहिलं. मग मी वावड्याच्या चौकटीवर आले. तिथे लाल अक्षरं होती; सासरच्या पानावरची जुनी नोंद या नव्या चौकटीत आपोआप आली नव्हती. मला माहीत असलेलंच मी तिला विचारलं, आणि तिने त्या औषधाचं पूर्ण नाव सांगितलं, अगदी स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता. दोन वर्षांपूर्वी तुझ्या काकांनी तिला ते कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद ती अजून पर्समध्ये ठेवते. मी थक्क होऊन म्हटलं, "अगं, तुला पाठ आहे?"

"पाठच हाय की."

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी डाक्टरांनी आईला इचारलं. माझी दाढ सुजलेली, तोंड उघडत नव्हतं. पन मान हलत हुती." बाळाला तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "आन् त्याआदी नाव लिवायला आले, तवा तर तोंडबी बरं हुतं. तुमीबी आईलाच इचारलं. मी तितंच हुते की, बाई. आंब्याची पिशवी धरून."

तिच्या आवाजात राग होता, अनीश, पण वाढवून बोलली नाही. मी मान खाली घालून भरलं. लाल अक्षरं गेली. ती बाळाला घेऊन विरेशच्या खोलीत गेली, आणि मी पुढच्या माणसाला बोलावलं. म्हातारा सासरा होता, मागे सून उभी होती. सासरा स्वतःहून सांगायला लागला, "हिला काय न्हाय..."

मी म्हटलं, "तुम्ही बसा. मी हिला विचारतेय."

आत्या